लेफ्टनंट बोटीतून उतरेना

इंदूरहून परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "पोहे खाल्ले का?" खाल्ले. भूक असताना खाल्ले, नसताना खाल्ले, आणि एकदा तर निबंध वाचायला उशीर होत असताना स्कूटरला टेकून, रडकुंडीला येऊन खाल्ले. तिथले पोहे वाफेवर ठेवलेले, किंचित गोड, वर मूठभर शेव आणि जीरावण नावाचा मसाला. आपल्यासारखे कांदा-शेंगदाणे घालून परतलेले नसतात. चांगले असतात. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको.

मी ज्या कामाला गेले होते त्याबद्दल मात्र कोणीच विचारत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. माझ्या लघुप्रबंधाचा विषय म्हणजे एक स्कॉटिश अधिकारी. अठराव्या शतकात तो इंग्रजांच्या फौजेतून अमेरिकेतल्या वसाहतीत फ्रेंचांशी लढायला गेला आणि म्हातारपणी त्याने तिथल्या आठवणी लिहिल्या. त्या संगणकावर फुकट वाचायला मिळतात. त्याच्या नावाचा उच्चार मला तीन जणांनी तीन प्रकारे सांगितला आहे, म्हणून मी त्याला नुसतं लेफ्टनंट म्हणते.

हा विषय विद्यापीठाच्या समितीला पटत नव्हता. "बुलढाणा जिल्ह्यातली मुलगी आणि अमेरिकेतला स्कॉटिश माणूस. संबंध काय, असं विचारतायत," मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. समितीतले एक सर मूळचे पुण्याचे, आता इंदूरला प्राध्यापक. तिथे विद्यार्थ्यांचा दोन दिवसांचा परिसंवाद होता आणि सर त्याचे अध्यक्ष होते. त्यांच्यासमोर निबंध वाचायचा. त्यांनी हो म्हटलं तर लेफ्टनंट राहील, नाहीतर 'आपल्या तालुक्यातील आठवडी बाजार' हा विषय मॅडमनी तयार ठेवला होता. आठवडी बाजाराबद्दल माझी तक्रार नाही. मी दर मंगळवारी पिशवी घेऊन तिथे जाते. पण दोन वर्षं ज्या माणसाबरोबर घालवली त्याला असं फाट्यावर सोडून द्यायला मन होत नव्हतं.

संबंध काय, या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं. लेफ्टनंट मला आवडतो, एवढंच मला माहीत होतं. तो सतत वैतागलेला असतो. डासांवर, खारवलेल्या डुकराच्या मांसावर, जंगल न पाहिलेल्या वरिष्ठांवर. पण 'तो वैतागतो म्हणून मला आवडतो' असं समितीला कसं सांगणार?

मोरटक्का

आईने या प्रवासासाठी नवे काळे बूट घेतले. मी म्हटलं, चपला चालतील. "कॉलेजात साहेबलोकांपुढे जायचं, चपला कशा चालतील?" आदल्या संध्याकाळी बाबांनी ते नवेकोरे बूटसुद्धा पुन्हा पॉलिश केले. आमच्या घरात ही एक सवयच आहे. बाबा टेम्पो चालवतात, पण बुटांना पॉलिश केल्याशिवाय अंथरुणावर पाठ टेकत नाहीत, आणि गावातून जाताना कधी चपलेत दिसत नाहीत. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. घरातल्या सवयीबद्दल कोण विचारतं?

बूट चावायला लागले तेव्हा बऱ्हाणपूरसुद्धा आलं नव्हतं. नर्मदेच्या पुलाआधी, मोरटक्क्याला, गाड्यांची एवढी रांग लागली की लोक उतरून हरभऱ्याच्या जुड्या विकत घेऊन सोलत बसले. मीही उतरले आणि टाच बाहेर काढून बघितली. लाल झाली होती. शेजारच्या सीटवरचे काका मध्य प्रदेशातले होते. त्यांनी विचारलं, कुठे, कशाला? मी इमानदारीने सांगितलं, एका इंग्रजी फौजेतल्या स्कॉटिश अधिकाऱ्यावर निबंध वाचायला.

"अच्छा, महू!" ते म्हणाले.

"महू नाही. अमेरिका."

"हां, पर अंग्रेज अफसर थे तो महू में ही होंगे ना." महूची छावणी इंदूरपासून जवळ आहे आणि ती इंग्रजांनीच वसवली, हे खरं. पण माझा लेफ्टनंट हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. मी हे काकांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मला सोललेले हरभरे दिले आणि म्हणाले, "बेटा, एक बार महू देख लेना. वहीं निकलेगा."

बस पुलावर आली तेव्हा सगळ्यांनी खिडकीतून नर्मदेत नाणी टाकली. खाली पाणी संथ आणि हिरवट होतं, आणि काठावर एका माणसाने ओल्या धोतराचं एक टोक पायाखाली धरून दुसरं उन्हात उंच पसरलं होतं. लेफ्टनंट अमेरिकेला निघाला तेव्हा कित्येक आठवडे बोटीत होता. बिस्किटातल्या किड्यांविषयी त्याने तळमळून लिहिलं आहे. मी हरभरे खाल्ले आणि गप्प बसले.

विजय नगर

माझी आत्या इंदूरला विजय नगरमध्ये चौथ्या मजल्यावर राहते. तिच्या यजमानांना आमच्याकडे मामा म्हटलं असतं, तिथे फुफाजी म्हणतात. ते सरकारी खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना रिकामा वेळ अजिबात सहन होत नाही. त्यांच्या आई, माई, ऐंशीच्या पुढच्या. त्या दिवसभर बाल्कनीत बसून खालच्या रस्त्यावर कोण चुकीच्या बाजूने गाडी घालतं ते बघतात आणि वरून ओरडतात.

दारातच आत्याने मला मिठी मारली, बूट बाहेर काढायला लावले आणि हाताला धरून थेट हॉलमधल्या भिंतीपाशी नेलं.

"बघ! तुझे साहेब!"

भिंतीवर जुना फोटो होता. मधे खुर्चीत एक मिशीवाला गोरा अधिकारी, दोन्ही बाजूंना एकेक शिपाई उभा. उजवीकडचे माझे पणजोबा, म्हणजे आत्याचे आजोबा. ते महूच्या पलटणीत होते. डावीकडचे माईंचे वडील. हा फोटो आमच्या घरी 'साहेबांचा फोटो' म्हणूनच ओळखला जातो.

"आत्या, हा माझा साहेब नाही."

"अगं, हा पण स्कॉटलंडचाच होता म्हणे."

"माझा याच्या दीडशे वर्षं आधी होऊन गेला. तो अमेरिकेत होता. तो इथे आलाच नाही."

"तो फिर ट्रान्सफर झाली असेल ना," फुफाजी आतून म्हणाले. "फौज में तो होतंच राहतं. तू टेन्शन नको घेऊ, सुजू. पहले पोहे खा."

मी फोटोतल्या साहेबाकडे एकदा बघितलं, तो माझा नाही याची खात्री केली आणि मागे फिरले. बाकी फोटो बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

इंदूर फार स्वच्छ आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. ते स्वच्छ ठेवणाऱ्यांच्या घरात पाहुणी म्हणून राहणं मात्र सोपं नाही. संत्र्याची साल मी चुकीच्या डब्यात टाकली तर माईंनी ती चिमट्याने उचलून दुसऱ्या डब्यात टाकली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी साल नाही, माणूस टाकला होता. टाचेला लावलेली पट्टी कुठल्या डब्यात टाकायची हे विचारण्यात माझी संध्याकाळ गेली. बाहेर नेलं तेव्हा तहान लागली म्हणून मी शिकंजी मागवली. लिंबाचं सरबत येईल असं वाटलं होतं. आलं ते केशर-सुकामेवा घातलेलं दाट दूध, चमच्याने खायचं. त्यावर फुफाजींनी गरम गराडू घेतले. तो एक कंद असतो, तळून मसाला टाकून देतात. मी म्हटलं, मला उद्याचा निबंध एकदा वाचायचाय. "वो तो तू वाचशीलच ना. गराडू सिर्फ ठंड में मिलतात."

आणि मग त्यांनी सहज सांगितलं, की उद्या संध्याकाळी त्यांच्या जुन्या वस्तीतल्या विहारात माझा कार्यक्रम ठेवला आहे. विषय, 'महूचे साहेब'.

मी आत्याकडे बघितलं. आत्या शिकंजीत बघत होती.

परिसंवाद

दुसऱ्या दिवशी फुफाजींनी मला स्कूटरवरून कॉलेजात नेलं. वाटेत पोहे झाले. मी वेळेवर पोचले, कारण कार्यक्रमच वेळेवर सुरू झाला नव्हता.

आपल्याकडेही सत्कार होतात, मला माहीत आहे. पण तिथे मंचावर जेवढे बसले होते त्या प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि तुळशीचं रोप मिळालं. मग ज्यांनी शाली दिल्या त्यांना शाली मिळाल्या. मग प्रत्येकाने सांगितलं की वेळ कमी असल्यामुळे मी थोडक्यात बोलतो. आम्ही विद्यार्थी मागच्या रांगेत आपापले कागद मांडीवर घेऊन बसलो होतो. पुण्याचे सर मंचावर मधोमध होते. मांडीवर तुळस धरून, ते दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघत होते. त्यांच्याबद्दल मला तेव्हा थोडी आपुलकी वाटली.

माझा नंबर आला तेव्हा पंधरा मिनिटांची पाच झाली होती. मी गडबडले. मला मजकूर गाळून वाचायला जमत नाही. एक वाक्य गाळलं की पुढचं उघडं पडल्यासारखं वाटतं. म्हणून पहिल्यापासून वाचत गेले. स्कॉटलंडचा डोंगराळ भाग, लेफ्टनंटचं घराणं, राजाविरुद्धचं बंड, त्यात वडिलांची जमीन गेली, मग मुलगा त्याच राजाच्या फौजेत भरती झाला, बोटीत बसला, समुद्र, बिस्किटं, किनारा दिसू लागला...

घंटी वाजली.

"पुढे?" सर म्हणाले.

"पुढे तो उतरतो, सर," मी म्हणाले.

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. सरांनी चष्मा काढला. "मुद्दे नीट आहेत. पण मला एक सांगा. हा विषय तुम्ही का घेतलात? तुमचा या माणसाशी संबंध काय?"

मला हाच प्रश्न येणार हे महिनाभर ठाऊक होतं. आरशासमोर उत्तरंही दिली होती. त्या क्षणी तोंडून जे आलं ते असं, "सर, साधनं फुकट उपलब्ध होती."

सरांनी मान हलवली. रागावून नाही, आणि तेच जास्त लागलं. "मग उद्या समारोपाआधी मला सांगा. नाही जमलं तर मॅडमनी सुचवलेला विषय वाईट नाही."

जेवणात दाल-बाफले होते, म्हणजे वरण आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे. मी एक बाफला तुपात बुडालेला बघत बसले. लेफ्टनंट अजून बोटीतच होता आणि त्याला परत पाठवायची तयारी झाली होती.

फ्लेक्स

संध्याकाळी विहाराच्या फाटकावर मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर माझा आधार कार्डावरचा फोटो. शेजारी गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा घागरा घातलेला, गाल फुगवून पिपाणी वाजवणारा एक लालबुंद माणूस. खाली, 'महूच्या स्कॉटिश साहेबांवर संशोधन करणाऱ्या आपल्या लाडक्या कन्येचे हार्दिक स्वागत'.

"फुफाजी, हा कोण?"

"फ्लेक्सवाल्याने नेटवरून काढला. स्कॉटिश लिहिलं तर हाच येतो. बढिया आहे ना?"

मी दमले होते. टाच सोलली होती. दिवसभरात माझा विषय एकदा घंटीने आणि एकदा माझ्याच उत्तराने मेला होता, आणि आता एका वाजंत्रीवाल्याच्या बाजूला माझं नाव. रडू येईल असं वाटलं. पण समोर सतरंजीवर वस्तीतल्या बायका, निवृत्त फौजी, नोकरीवरून थेट आलेली मंडळी बसली होती, आणि बहुतेकांचे बाप किंवा आजे महूच्या पलटणीत होते. माई पहिल्या रांगेत खुर्चीवर. मी "जय भीम" म्हणाले आणि ठरवलं, खरं सांगायचं आणि खाली बसायचं.

"हा माणूस महूचा नाही," मी म्हणाले. "तो इथे कधी आला नाही. फ्लेक्सवरचा तर तोही नाही."

फुफाजींनी कपाळाला हात लावला. पण लोक हसले, आणि कोणी उठून गेलं नाही. मग मला वाटलं, आता वेळच आहे, घंटी नाही, तर निदान एकदा याला बोटीतून उतरवू.

तो उतरला. मी कागद न बघता सांगत गेले. अमेरिकेचं जंगल एवढं दाट, की तोफा ओढायला आधी झाडं तोडून वाट करावी लागायची. उन्हाळ्यात डास, थंडीत गुडघाभर बर्फ. खायला खारवलेलं मांस, त्याने हिरड्या सुजायच्या, म्हणून सुचिपर्णी झाडाच्या कोवळ्या डहाळ्या उकळून दारू करून प्यायचे. आणि अंगावर हा घागरा.

"दुश्मन के सामने? घागऱ्यात?" मागून एक निवृत्त हवालदार काका म्हणाले, आणि सगळा हॉल हसला.

"हो. पाय उघडे. एका हिवाळ्यात ते जिंकलेल्या फ्रेंच शहरात राहिले, तर तिथल्या मठातल्या जोगिणींनी या शिपायांसाठी लांब लोकरी मोजे विणले."

"शत्रूच्या बायांनी?" आत्या म्हणाली.

"बघवलं नसेल," माई म्हणाल्या. पुन्हा हशा.

"मग पॅन्ट का नाही घातली त्यांनी?" हवालदार काकांनी विचारलं.

"कारण बंड मोडल्यावर राजाने त्यांच्या मुलखात हा घागरा बंद केला होता. गावात घातला तर कैद. फक्त जो राजाच्या फौजेत जाईल त्याला परवानगी. म्हणजे आपल्या घरी जे घालायला मनाई, ते फौजेत उजळ माथ्याने घालता यायचं."

हे वाक्य माझ्या निबंधात तळटीपेत होतं. मी ते नेहमीसारखं सांगितलं आणि पुढे जाणार होते. पण हसणं थांबलं होतं. एकदम, पंखा बंद व्हावा तसं.

"तो वापस गेला का घरी?" माईंनी विचारलं.

"नाही, माई. लढाई संपल्यावर राजाने तिकडेच जमीन दिली. तिथेच राहिला."

"तेच ना. कशाला जाईल?" त्या आत्याकडे वळल्या. "या पोरीला बुटांचं सांगितलंय की नाही तुम्ही लोकांनी?"

आत्या खाली बघू लागली. "घरात कोणी काढत नाही तो विषय, माई."

"तो मैं बोलते." माई उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. "तुझा पणजा नि माझा बाप एकाच पलटणीत. दोघांना बूट. रोज पॉलिश, साहेब स्वतः बघायचा. सुट्टीत मुलखात निघाले की गाडीत बूट, रस्त्यात बूट. गावाची वेस आली की काढायचे. हातात घ्यायचे नि हात पाठीमागे. अंगावर राजाची वर्दी, पाय उघडे, असे गावातून आपल्या वस्तीपर्यंत. नाहीतर मार. माझ्या बापाने एकदा केलं. दुसऱ्यांदा गेलाच नाही. नोकरी संपली तर बोलला, मैं तो यहीं रहूँगा. म्हणून आम्ही इथले झालो, समझी? कोणी विचारतं ना, तुम्ही मराठी लोक इंदूरला कसे? असे."

"आणि माझे पणजोबा?"

"ते परत गेले."

"का?"

"आई होती म्हणतात. बाकी मला काय माहीत? इतिहासवाली तू आहेस, तू बघ."

घरात रोज रात्री येणारा पॉलिशचा वास मला तिथे, इंदूरमध्ये, स्पष्ट आला.

हवालदार काकांचा प्रश्न बाकी होता. "बेटा, राजाने जमीन दिली. पण होती कुणाची?"

"तिथल्या मूळ लोकांची."

"मग झालं! आपली वेस सुटली नि दुसऱ्याची बळकावली." ते मी तिथेच लिहून घेतलं.

कार्यक्रमानंतर पोहे होते.

घरी आल्यावर मी बूटसुद्धा न काढता भिंतीपाशी गेले आणि आत्याने अडवलं नाही. फोटोत साहेब पुसट झाला आहे, त्याच्या तोंडावर ओलीचा डाग आहे. पणजोबा ताठ उभे आहेत, आणि त्यांचा उजवा पाय दुसऱ्यापेक्षा थोडा पुढे आहे. फोटोवाल्याने सांगितलं असेल, किंवा त्यांनी आपणहून टाकला असेल. बुटाच्या टोकावर खिडकीचा उजेड पडला आहे, एवढं लख्ख पॉलिश. त्याला आम्ही इतकी वर्षं साहेबांचा फोटो म्हणत होतो.

कृष्णपुरा

परिसंवादाच्या दुसऱ्या सकाळी आम्हाला कृष्णपुऱ्याच्या छत्र्या दाखवायला नेलं. खान नदीच्या काठी, बाजाराला लागून, होळकरांच्या समाध्या आहेत. दगडावर एवढी बारीक कोरीव कामं, की डोळे दमतात. बाहेर मोटारसायकलींचे हॉर्न, आत पारव्यांचा फडफडाट. बाकीची मुलं फोटो काढत होती. आत मूर्ती असल्यामुळे पायऱ्यांपाशी पादत्राणं काढायची होती. मी खाली बसून बुटांची नाडी सोडत होते, तेवढ्यात शेजारी पुण्याचे सर येऊन बसले आणि आपले बूट काढू लागले. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. त्यांनी अंगठा दुमडून घेतला.

"काय, सापडला का संबंध?"

मी पुन्हा गडबडले. पण या वेळी पाठ केलेलं काही नव्हतं, त्यामुळे विसरायलाही काही नव्हतं. मी हळूहळू सांगितलं. घागऱ्याची बंदी, बुटांची बंदी. एकजण परत गेला, एकजण गेला नाही, आणि त्यावरून पुढची सगळी घरं कुठे वसली ते ठरलं. माझा लेफ्टनंट परत का गेला नाही, हे मी निबंधात एका ओळीत उरकलं होतं, कारण मला वाटलं होतं लढाई संपली की गोष्ट संपते.

समोर पायऱ्यांवर बुटांची, चपलांची, सॅंडलांची रांग लागली होती. इथे सगळ्यांनीच काढले होते.

"हे काल का नाही सांगितलंत?"

"काल मला माहीत नव्हतं, सर. आणि काल तो बोटीतून उतरलाच नव्हता."

सर हसले. मग लगेच मास्तर झाले. "सांभाळून मात्र. तुमचा लेफ्टनंट जमीनदाराचा मुलगा, अधिकारी. तुमचे पणजोबा शिपाई. आणि घागऱ्याची बंदी नि ही बंदी, दोन्ही एका तागडीत घालता येणार नाहीत. ती बंदी पुढे उठली."

"हो, सर. आमची कागदावर कधी नव्हतीच. त्यामुळे उठवणार काय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हेच लिहा. आणि ज्यांची जमीन त्याला मिळाली त्यांचं काय, तेही." ते अनवाणी उठले. दोन पायऱ्या चढून वळले. "विषय राहू द्या. शीर्षक फार लांब आहे, ते कापा."

समारोपात पुन्हा शाली होत्या. या वेळी मला त्यांचा राग आला नाही. म्हणजे आला, पण कमी.

फाटा

परतताना आत्याने शेवेची पुडी दिली, फुफाजींनी घडी घातलेला फ्लेक्स दिला, "ठेव, यादगार आहे," आणि माईंनी बाल्कनीतून ओरडून सांगितलं की स्कूटर चुकीच्या बाजूला लावली आहे. मोरटक्क्याला पुन्हा गाड्यांची रांग होती.

फाट्यावर उतरले तेव्हा दिवस मावळायचा होता. बाबा मोटारसायकल घेऊन आले होते. मी लंगडतेय हे त्यांनी लांबूनच बघितलं.

"लागतात ना? काढ ते. चपला आणल्यात."

आमच्या गावाला आता वेस नाही. दोन मोठे दगड राहिले आहेत, त्यातल्या एकावर पंक्चरवाल्याने पाटी टेकवली आहे. मी लहानपणापासून हजारदा तिथून गेले आहे.

"राहू द्या, बाबा. घरी जाऊन काढते."

"मग बस मागे."

"चालत जाऊ."

बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पायांकडे. "आत्याने सांगितलं?"

"माईंनी."

त्यांनी गाडी बंद केली, स्टँड काढला आणि हाताने ढकलत माझ्या बाजूने चालू लागले. त्यांचे बूट दिवसभराच्या धुळीतही काळे दिसत होते. दगड मागे गेले. प्रत्येक पावलाला टाच जळत होती. पारावर नेहमीची मंडळी बसली होती, आणि त्यांतल्या एकाने हात वर करून विचारलं,

"काय गं, इंदूरचे पोहे खाल्ले का?"

"खाल्ले," मी म्हणाले, आणि न थांबता चालत राहिले.